गाईच्या कानातला नंबर कोणाच्या नावावर?

(सामुदायिक रेडिओवरील बचत गटांच्या कार्यक्रमात दिलेले भाषण)

धारा काढून झाल्या, दूध डेअरीवर पोचलं, आता घटकाभर बसला असाल. मी पुण्यात बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. शहरातल्या वस्त्यांमधले गट माझ्याकडे आहेत आणि आसपासच्या गावांतल्या, दुधाचा धंदा करणाऱ्या बायकांचेही आहेत. आज हप्ता, व्याज, वसुली यातलं काही बोलणार नाही. आज तुमच्या गाईच्या कानाबद्दल बोलायचं आहे.

त्या कानात पिवळा बिल्ला असतो, तो तुम्ही रोज बघता. काहींच्या जनावरांना विम्याच्या वेळी चिपही बसवलेली असेल. आपण म्हणतो, डॉक्टर आले, टोचून गेले, कागद मालकांनी ठेवला. तेवढ्यावर आपण तो विषय सोडून देतो. मीही सोडून देत होते. पण आमच्या एका गटात जे घडलं, त्यानंतर मला हे शिकून घ्यावं लागलं.

आमच्या एका ताईंनी गटाच्या कर्जातून संकरित गाय घेतली. कर्ज साठ हजारांचं. विमा उतरवला, विम्याच्या माणसाने गाईच्या कानामागे सुईने चिप सोडली. दुसऱ्या पावसाळ्यात गाय दगावली. कळवल्यावर संध्याकाळी तपासणीला एक जण आला. त्याच्या हातात चिप वाचायचं यंत्र होतं, त्याला रीडर म्हणतात. गाय लोखंडी गव्हाणीला लागून पडली होती, चिपेचा कान खाली दबलेला. त्याने वरून दोन-तीन वेळा रीडर फिरवला. आवाज आला नाही. त्याने कागदावर लिहिलं, “चिप आढळली नाही,” आणि ताईंना म्हणाला, इथे सही करा.

आमच्या पशुसखीने ताईंचा हात धरला. म्हणाली, “आत्ता सही करू नका. सकाळी डॉक्टर येऊ देत.”

सकाळी शवविच्छेदनाला डॉक्टर आले. त्यांनी आधी चार माणसं लावून गाय गव्हाणीपासून लांब, मोकळ्या मातीवर ओढून घेतली. डोकं दुसऱ्या बाजूला वळवलं. मग रीडर कानाला जवळजवळ टेकवून सावकाश फिरवला. टिंग वाजलं आणि पडद्यावर पंधरा आकडे आले. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पण पॉलिसीच्या कागदाशी ताडून पाहिलं, तर अकरावा आकडा वेगळा! चिपेत सहा, कागदावर पाच. फॉर्म भरताना कोणीतरी चुकलं होतं.

तेव्हा आम्हाला एका छोट्या स्टिकरने वाचवलं. चिपेच्या पाकिटात तिच्याच नंबरची स्टिकरं येतात. त्यातलं एक ताईंनी गाईच्या लसीकरणाच्या कार्डावर चिकटवून कार्ड ट्रंकेत ठेवलं होतं. ते दाखवल्यावर चूक कंपनीची आहे हे मान्य झालं. पाच महिन्यांनी पैसे आले.

पण ते आले मालकांच्या खात्यात. कारण विमा त्यांच्या नावावर होता आणि गाईजवळच्या फोटोतही तेच उभे होते. कर्ज मात्र ताईंच्या नावावर. मालक काही वाईट नाहीत, निम्मे पैसे त्यांनी गटात भरले. निम्मे दुसरीकडे गेले. उरलेलं कर्ज ताईंनी म्हाताऱ्या गाईच्या दुधावर चौदा हप्त्यांत फेडलं.

या घटनेतून माझ्या मनात तीन प्रश्न उरले. चिप असून रीडर का वाजला नाही? चिपेतल्या नंबरात नेमकं काय असतं? आणि त्या नंबरावरून गाय अमुक एकाची, हे कुठे ठरतं? माझी भाची पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअरिंग करते. तिला मी दोन रविवार स्वयंपाकघरात बसवून हे विचारलं. मला जसं समजलं तसं तुम्हाला सांगते.

आधी बिल्ला आणि चिप यांतला फरक. पिवळा बिल्ला म्हणजे प्लास्टिकवर छापलेला बारा आकडी नंबर आणि खाली काळ्या रेघांचा बारकोड. त्याला पशुआधार असंही म्हणतात. तो डोळ्यांनी किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याने वाचायचा. आपल्या राज्यात १ जून २०२४ पासून या बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही. त्याच वर्षी गाईच्या दुधाला लिटरमागे पाच रुपये अनुदान मिळालं, तेव्हाही गाईचा बिल्ला आणि खातेदाराचा आधार जोडलेला असणं गरजेचं होतं. ज्यांची जोडणी झाली नव्हती त्यांची किती धावपळ झाली, ते तुम्हाला आठवत असेल.

चिप वेगळी. ती तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी काचेची कुपी असते, साधारण बारा मिलिमीटर लांब आणि दोन मिलिमीटर जाड. ती कातडीखाली सोडतात. किंवा कानात गोल बटणासारखा जाड बिल्ला घालतात आणि चिप त्याच्या आत असते. ती डोळ्यांनी वाचता येत नाही, रेडिओच्या लहरींनी वाचावी लागते. या पद्धतीला आरएफआयडी म्हणतात. तुम्ही ती रोज बघता. दूध घेऊन पुण्याला येणाऱ्या टेम्पोच्या काचेवरचा फास्टॅग हा त्यातलाच प्रकार. पुण्याच्या मेट्रोत कार्ड टेकवलं की दार उघडतं, तोही त्यातलाच. आणि गाईच्या बाबतीत ही गोष्ट नवीही नाही. अमेरिकेतल्या लॉस अलामोस इथल्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकातच गाईंसाठी अशा चिपा बनवून पाहिल्या होत्या.

आता गंमत अशी की या चिपेत सेल नसतो. मग ती इतकी वर्षं कशी चालते? तर ती चालतच नसते, झोपलेली असते. रीडरच्या आत तांब्याच्या तारेचे वेढे असतात. त्यांतून वीज सोडली की भोवती चुंबकाचा जोर तयार होतो आणि तो सेकंदाला एक लाख चौतीस हजार दोनशे वेळा पुढे-मागे होतो. चिपेतही केसाएवढ्या बारीक तारेचे वेढे असतात. रीडरचा हा जोर त्या वेढ्यांतून गेला की त्यांत थोडीशी वीज तयार होते. तेवढ्या विजेवर चिप जागी होते, आपला नंबर सांगते आणि रीडर लांब गेला की पुन्हा झोपते. तारेच्या या वेढ्यांनाच अँटेना म्हणायचं. रीडरची एक आणि चिपेची एक. दोघींचं जुळलं तर टिंग वाजतं.

हे जुळणं म्हणजे काय, ते तुम्ही सगळ्यांनी लहानपणी घरात पाहिलं आहे. आपल्याकडे ट्रान्झिस्टर असायचा. आकाशवाणीचं पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर लावलं आणि खरखर आली, तर आजोबा काय करायचे? ट्रान्झिस्टर उचलून जागच्या जागी फिरवायचे. एका बाजूला तोंड केलं की आवाज स्वच्छ, दुसऱ्या बाजूला केलं की गप्प. त्या ट्रान्झिस्टरच्या पोटात एक काळी कांडी असते आणि तिच्यावर तांब्याची तार गुंडाळलेली असते. ती त्याची अँटेना. लहरींचा जोर कांडीच्या लांबीत शिरला तर आवाज येतो, आडवा गेला तर येत नाही.

गाईच्या काचेच्या चिपेत तशीच कांडी असते, फक्त सुईच्या टोकाएवढी बारीक. म्हणून रीडर एकाच बाजूने धरला आणि वाजला नाही, तर चिप नाही असं म्हणता येत नाही. रीडर फिरवून, वळवून, सगळ्या बाजूंनी बघावा लागतो. कुपी असेल तर तिच्या लांबीच्या दिशेने आलेला जोर तिला नीट कळतो. बटणासारखा बिल्ला असेल तर रीडरचं तोंड बिल्ल्याच्या तोंडासमोर धरायचं, ताटासमोर ताट धरावं तसं.

दुसरी गोष्ट अंतराची. हा जोर अंतराबरोबर फार झपाट्याने कमी होतो. रीडर वीतभर अंतरावरून दोन विती लांब नेला, तर जोर निम्मा होत नाही, जवळपास एक अष्टमांश होतो. म्हणून हातातल्या रीडरने चार पावलांवरून चिप वाचता येत नाही, जवळ जावं लागतं. मग रीडरची अँटेना मोठी का करत नाहीत? करतात. बांगडीएवढे वेढे असले तर जवळ जोर जास्त, पण पोच कमी. परातीएवढे केले तर पोच वाढते, पण तेवढ्या विजेत जवळचा जोर पातळ होतो, म्हणून वीजही जास्त लागते. मोठ्या डेअरी फार्मवर गाय ज्या फाटकातून जाते, त्या फाटकालाच दाराएवढी अँटेना बसवतात. तिला वीज तारेतून मिळते. गोठ्यात फिरणाऱ्या माणसाचा रीडर सेलवर चालतो, म्हणून तो लहान. आणि त्याचा सेल उतरला असेल तर पोच आणखी कमी होते.

तिसरी गोष्ट लोखंडाची. चुंबकाचा जोर लोखंडी गव्हाणीत, पत्र्यात, पाइपात शिरला की तिथेच खर्च होतो. शिवाय अँटेना ठरावीक जागी लावलेली असते, रेडिओचं स्टेशन लावतो तशी. शेजारी लोखंड आलं की ती त्या जागेवरून सरकते. कडबाकुट्टीची किंवा पाण्याची मोटर शेजारी चालू असेल तर खरखरही मिसळते. आमच्या ताईंच्या गोठ्यात तिन्ही अडचणी एकदम आल्या होत्या: कान खाली दबलेला, रीडर लांब आणि शेजारी लोखंड. डॉक्टरांनी काही जादू केली नाही. लोखंड सोडलं, बाजू बदलली, जवळ गेले.

मग फास्टॅग कसा लांबून वाचतो, असं मी भाचीला विचारलं. त्याच्या लहरी खूप वरच्या, ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या. त्या काही मीटर लांब जातात आणि स्टिकरवरून परततात. पण पाणी आणि ओलं शरीर त्यांना शोषून घेतं. गाय म्हणजे बरंचसं पाणीच. खालच्या लहरी मांसातून सहज पार होतात, म्हणून कातडीखालच्या चिपेला त्याच वापरल्या आहेत.

अजून एक गैरसमज काढून टाकते. चिप असली म्हणून चोरीला गेलेली गाय मोबाइलवर दिसत नाही. चिप स्वतःहून काही पाठवत नाही. कोणी रीडर जवळ नेला तरच ती बोलते.

आता दुसरा प्रश्न, नंबराचा. जगभरच्या जनावरांच्या चिपांसाठी १९९६ साली एक नियम ठरला. त्याप्रमाणे नंबर पंधरा आकडी. पहिले तीन आकडे देशाचे किंवा चिप बनवणाऱ्या कंपनीचे. भारताचा आकडा ३५६. सुरुवात नऊशेच्या पुढच्या आकड्याने असेल, तर तो कंपनीचा. पुढचे बारा आकडे त्या एका जनावराचे. चांगल्या चिपेत हा नंबर कारखान्यातच कायमचा भरलेला असतो. काही चिपा कोऱ्या येतात. त्यांत नंबर लिहायचा आणि मग कुलूप घालायचं, म्हणजे पुन्हा कोणाला बदलता येत नाही. कुलूप न घातलेली चिप म्हणजे पेन्सिलने लिहिलेली पावती. म्हणून चिप बसवणाऱ्याला सरळ विचारायचं, “नंबर कायमचा आहे ना?”

नंबराबरोबर चिप पडताळणीचे आकडेही पाठवते. रीडर आतल्या आत हिशेब करून बघतो. जुळला तर नंबर दाखवतो, नाही जुळला तर दाखवत नाही. त्यामुळे चिप वाचताना अर्धवट किंवा चुकीचा नंबर येणं फार अवघड. चूक होते ती नंतर, माणूस कागदावर उतरवतो तेव्हा. पंधरा आकडे घाईत लिहिताना पाचाचे सहा होणारच.

आणि आता तिसरा प्रश्न, ज्यासाठी मी आज इथे बसले आहे. चिपेत गाईचा फक्त नंबर असतो. त्यात तुमचं नाव नाही, गाव नाही, गाईचा रंग नाही, वेताची माहिती नाही. पिवळ्या बिल्ल्याचंही तसंच. तो नंबर कोणाचा, हे लिहिलेलं असतं कार्यालयातल्या संगणकावर आणि विम्याच्या कागदावर. म्हणजे गाय कोणाची हे तिच्या कानात ठरत नाही. नोंद करणारा दारात येऊन विचारतो, “नाव सांगा,” तेव्हा ते ठरतं. त्या वेळी आपण शेण काढत असतो आणि नाव सांगायला दुसरं कोणी पुढे जातं.

राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या विम्याच्या सूचनांत लिहिलं आहे की विमा करताना दोन फोटो काढायचे, एक मालकासह जनावराचा आणि एक बिल्ला स्पष्ट दिसेल असा. ओळखीची खूण बसवायचा खर्च विमा कंपनीचा, ती सांभाळायची जबाबदारी आपली. आणि भरपाई मागताना चार कागद लागतात: कंपनीला कळवल्याचं पत्र, पॉलिसी, दाव्याचा फॉर्म आणि शवविच्छेदनाचा अहवाल. मैत्रिणींनो, गाय गटाच्या कर्जातून घेतली असेल, वैरण तुम्ही घालत असाल, धार तुम्ही काढत असाल, तर त्या फोटोत गाईजवळ तुम्ही उभं राहायचं. घरात आधी बोलून घ्या. भांडण करायची गरज नाही. कर्ज ज्याच्या नावावर त्याच्याच नावावर गाय, हा हिशेब कोणालाही पटतो.

आता करायचं काय, ते सांगते. वही-पेन घ्या.

चिप बसवायच्या आधी बसवणाऱ्याला ती पाकिटातच रीडरवर वाचून दाखवायला सांगा. बसवल्यावर पुन्हा कानाजवळ वाचायला लावा. दोन्ही वेळेला आकडे तेच आले पाहिजेत.

आकडे तीन-तीनच्या गटात मोठ्याने म्हणा, एकीने म्हणायचं आणि दुसरीने लिहायचं. मग लिहिणारीने उलट वाचून दाखवायचं. फॉर्मवरचा नंबरही असाच ताडून बघा आणि मगच सही करा. बारा आकडी पिवळ्या नंबरालाही हीच रीत.

पाकिटातलं एक स्टिकर लसीकरणाच्या कार्डावर आणि एक गटाच्या वहीत लावा. गटाच्या वहीत एक पान जनावरांचं ठेवा. सभासदाचं नाव, जनावर, पिवळा नंबर, चिपेचा नंबर, चिप कोणत्या कानामागे आहे आणि नोंद कोणाच्या नावावर आहे. हे शेवटचं खाणं रिकामं सोडू नका.

वर्षातून एकदा, लसीकरणाला डॉक्टर येतील तेव्हा त्यांच्याकडे रीडर असेल तर चिप वाचून घ्या. पिवळा बिल्ला पडला किंवा कान फाटला तर लगेच सरकारी दवाखान्यात कळवून नवा घ्या आणि जुना-नवा दोन्ही नंबर वहीत ठेवा. जनावर विकलं तर नोंद नव्या मालकाच्या नावावर करून घ्या. विकत घेतलं तरीही तेच.

आणि देव न करो, जनावर दगावलंच, तर आधी विमा कंपनीला कळवा आणि डॉक्टरांना बोलवा. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा नंबर आहे. तपासणीसाच्या रीडरवर चिप वाजली नाही तर त्यांना विनंती करा: लोखंडापासून लांब घ्या, दुसऱ्या बाजूने बघा, रीडर टेकवून बघा, सेल बघा. तोपर्यंत “चिप आढळली नाही” या कागदावर सही करू नका. बिल्ला किंवा चिप काढून घ्यायची असेल तर ती पंचांसमोर, नंबर लिहून आणि फोटो काढून.

आमच्या त्या ताईंनी आता नवी गाय घेतली आहे. चिप बसवायला माणूस आला, तेव्हा त्यांनी हात धुतले, पदर खोचला आणि गाईच्या कासऱ्याला धरून फोटोला उभ्या राहिल्या. मालक बाजूला उभे राहून आकडे मोठ्याने वाचत होते आणि पशुसखी लिहीत होती. मी तेव्हा तिथेच होते. अकराव्या आकड्याला ताई म्हणाल्या, “परत वाचा.”

तुमच्या पुढच्या बैठकीत एवढंच करा. प्रत्येकीने घरून आपल्या जनावराचा नंबर लिहून आणायचा आणि त्यापुढे, नोंद कोणाच्या नावावर आहे ते. जिला माहीत नसेल तिने दवाखान्यात जाऊन विचारून यायचं. एकटीला जायला अवघड वाटत असेल तर दोघींनी मिळून जायचं.